खिडकी उघडी ठेव

चि. चिमणीस ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघंही बरे आहोत, हे आधी वाचून घे.

नव्या संसारात पैसे कसे वाचवायचे, असं तू विचारलंस. बसऐवजी पायी जा, डबा घरून ने, नवऱ्याचे केस घरीच काप. पहिल्या खेपेला मी तुझ्या भावोजींच्या डोक्याची पार वाट लावली होती.

पण आमची एक युक्ती मात्र करू नकोस. थंडी फार, म्हणून विजेचं बिल वाचवायला रविवारी दुपारी आम्ही घमेल्यात कोळसे पेटवले. खिडकी लावली, दाराखाली फडकं कोंबलं. खोली छान उबदार झाली आणि यांचा डोळा लागला. मी पाणी प्यायला उठले, तर पायांतलं त्राणच गेलं. भिंत धरत दार उघडलं, यांना हाक मारली. ओ नाही. हलवलं, तर मान कलंडली. ओरडायला आवाज फुटेना, म्हणून ताटली भिंतीवर आपटत राहिले. शेजारच्या शिंपीकाकांनी यांना ओढत बाहेर आणलं.

डॉक्टर म्हणाले, "कोळशाचा हा वायू वासाने कळत नाही. थोडक्यात वाचलात."

आता हे कामावर जातात, पोटभर जेवतात. आईला यातलं काही सांगू नकोस. तुमच्या खोलीत शेगडी नाही ना? लगेच कळव.

खरं सांगू, माझी भीती अजून गेलेली नाही. आम्ही खिडकी उघडी टाकून दोन-दोन स्वेटर घालून बसतो. तरी हे जरा पेंगले, की मी उगाच हाक मारते. हे वैतागतात, पण ओ देतात.

तुझीच,
ताई