बाबांची पट्टी

बाबा, समुद्रपूरवरून तुमच्या पाया पडते. फोनवर ‘बरं आहे’ म्हणून तुम्ही लगेच आईले फोन देऊन टाकता, म्हणून लिहून राह्यली.

सरावपाठात मले दुसरीच्या पोरांचा संगीताचा तास भेटला. पहिल्या दिवशी सवयीनं तुमच्याच पट्टीत गाणं धरलं. पोरांचे आवाज तेवढे खाली उतरेचनात. सारे हसले. आता पेटीवर त्यांची उंच पट्टी धरते.

माझं जेवणखाण ठीक आहे. तुमचा खोकला गेला काय? भजनाले जाणं काऊन सोडलं? आई सांगत नाई.

शाळा सुटल्यावर मी पेटीवर तुमचा सूर धरून बसते. आपलं केळझर जवळ आल्यासारखं वाटते.

दिवाळीले येते. पोरांसाठी पट्टी वर घेतली, खोकल्यानं तुमचा आवाज चढत नसन तर तुमच्यासाठी आणखी खाली घेईन. तुम्ही फक्त गा.

तुमच्या मागून गाणारी,
अंजू