तारखेच्या आधीची तारीख

२८ सप्टेंबर
पुण्याची नोकरी सोडून वडशाला आलो, त्याचा एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. सकाळी थोडा झाला होता, पण तेव्हा लाइट गेली होती. माझी बायको दीपिका, तिचे थोरले भाऊ गुणवंतराव यांची इथे नाटक कंपनी आहे. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. बुकिंग सगळं तोंडी. गेल्या वर्षी एकाच रात्रीसाठी नायिका दोन गावांना कबूल करून बसले. म्हणून दीपिकाने भावाला शब्द दिलाय की यंदा बुकिंगचा प्रोग्राम मी करणार. जमलं तर ऑफिसातली मॅनेजरची खुर्ची माझी. न जमण्याचा प्रश्नच येत नाही.

३० सप्टेंबर
दीपिका म्हणाली, एक्सेलमध्ये करा. एक्सेल कारकुनांसाठी असतं. मी स्वतःची भाषा बनवतोय. बुकिंग साध्या वाक्यात टाइप करायचं, ते वाक्य हाच कोड. माझा पार्सर तो वाचेल, शब्द सुटे करेल आणि त्यांचं झाड मांडेल. मूळ वर, फांद्या खाली: गाव, नायिका, तारीख. तयार पार्सर नेटवर फुकट मिळतात. घेणार नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
गाव आणि नायिका या दोन फांद्या झाल्या! गुणवंतरावांना स्क्रीनवर झाड दाखवलं. उलटं काऊन हाय, त्यांनी विचारलं. मी अर्धा तास समजावलं. ते बरं म्हणाले आणि सोनं वाटायला निघून गेले. असल्या कामाला दृष्टी लागते.

५ ऑक्टोबर
तारखेची फांदी. इथे कुणी सरळ तारीख सांगतच नाही. सावरटोल्याच्या मंडळाचे दादाजी म्हणतात, आमची मंडई चिखलटोल्याच्या दुसऱ्या दिवशी. चिखलटोलावाले म्हणतात, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. मंडया एकमेकींवर येऊ नयेत म्हणून सगळी गावं अशी एकाला एक बांधलेली. दुसरा कुणी घाबरला असता. मी एका ओळीत नियम लिहिला: तारीख म्हणजे आधी एक तारीख, मग 'च्या दुसऱ्या दिवशी'. अख्खा तालुका त्यात बसतो.

दीपिकाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आन ते आधीची तारीख कशी वळखणार तुमचा प्रोग्राम?" मी म्हटलं, ह्याच नियमाने. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

६ ऑक्टोबर
लॅपटॉप हँग. पार्सर तारीख शोधायला जातो, तर नियम सांगतो आधी तारीख शोध. ती शोधायला जातो, तर नियम पुन्हा तेच सांगतो. वाक्यातला पहिला शब्दसुद्धा वाचून होत नाही. दोष लॅपटॉपच्या मेमरीचा आहे.

११ ऑक्टोबर
नागपूरला जाऊन मेमरी वाढवून आणली. आता पार्सर जास्त वेळ फिरतो आणि मग बंद पडतो. प्रगती आहे.

१४ ऑक्टोबर
पुण्याच्या ऑफिसातल्या पियुषला सहज फोन केला. तो हसला. म्हणाला, ही चूक पुस्तकात पहिल्याच धड्यात असते. नियम उलट कर, आधी वाक्यातलं गाव किंवा सण वाच, मग पुढचे 'दुसऱ्या दिवशी' मोज. मी फोन ठेवून दिला. पुस्तकं वाचून वाचूनच त्याचं डोकं तसं झालंय. नियम बदलणार नाही.

१९ ऑक्टोबर
गुणवंतरावांनी दीपिकाला विचारलं, काम झालं का. ती म्हणाली, झालं. मला न विचारता! यंदा ते तोंडी काहीच ठेवणार नाहीत, तिच्या शब्दावर. मला भीती वाटली. इथेच लिहितो, तिला सांगितलेलं नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा
सुटलं! आधीची तारीख सापडली नाही, तर आजची धरायची आणि पुढे जायचं. झाड झटकन पूर्ण. चिखलटोला: २३ तारीख. सावरटोला: २३ तारीख. दोघांची एकच आली, पण भाऊबीजेचा दिवस चांगलाच असतो. शिक्का मारून चिठ्ठ्या दोन्ही मंडळांना धाडल्या. नटांचा-सामानाचा ट्रक एकच, म्हणून ट्रकवाल्याला सावरटोल्याची दिली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
दीपिका भावाला ओवाळत होती, तेवढ्यात गुणवंतरावांना नायिकेचा, चंचलबाईंचा, फोन आला. ट्रक सावरटोल्याला पोचलाय. मंडप नाही, स्टेज नाही, माणूस नाही. धान कापलेल्या बांधीत बकऱ्या चरून राहिल्यात. ते फोन ठेवतात तोच चिखलटोल्याचा आला. आमची मंडई उद्या आहे, चिठ्ठीत आज कशी, उद्या नाटक येणार की नाही?

गुणवंतराव बहिणीकडे बघून म्हणाले, "तुह्या शब्दावर ट्रक सोडला होता मी."

दीपिकाच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. तिने ते खाली ठेवलं, डोळे पुसले आणि भावाच्या हातून फोन घेतला. भाऊबीज आज, म्हणजे चिखलटोला उद्या, सावरटोला परवा. ट्रक वळवून चिखलटोल्याला मुक्कामाला लावला, चंचलबाईंच्या जेवणाची सोय केली, दोन्ही मंडळांची माफी मागितली. माझ्या वतीने. मला फार वाईट वाटलं. झाड मात्र बरोबरच होतं, फक्त तारीख चुकली.

२७ ऑक्टोबर
दोन्ही नाटकं जोरात झाली. मॅनेजरची खुर्ची गुणवंतरावांनी दीपिकाला दिली. मी हरकत घेतली नाही.

तिने मला काम दिलंय. गावांना फोन करून मंडईची तारीख विचारायची, सरळ तारीखच. मी अटी घातल्या. पार्सरचं संशोधन चालू राहील आणि फोनवर मी माझ्या पद्धतीने बोलेन. दोन्ही मान्य झाल्या. तेव्हा हे झुकणं नव्हे.

आज पहिला फोन लावला. पलीकडे कुणी म्हातारे होते. म्हणाले, "कोन बोलून राह्यलं?"

मी ठाम आवाजात सांगितलं, मॅनेजरचा नवरा.