मागे बघणारा डोळा

४ जानेवारी
गावोगावच्या शिक्षकहो, हे तुमच्यासाठी लिहितोय. आपल्याला शिकवायला नेमतात आणि शिकवणं सोडून बाकी सगळं करायला लावतात. घरं मोजा, मंत्र्यासाठी कमानी उभारा, पोरांना उन्हात रांगेत धरा. मी हे भर सभेत बोललो आणि नोकरी गेली. बोललो याचं वाईट वाटत नाही, पुन्हा बोलेन.
आज बेटाच्या किनाऱ्यावरच्या अंतालाहा गावी पोचलो. झाओफेनो हे व्हॅनिलाचे व्यापारी, त्यांच्या मुलीला घरी शिकवायचं. खोली हवेशीर, खिडकीतून समुद्र, आणि विद्यार्थिनी एकच: मियांगाली, वय आठ. आई दोन वर्षांपूर्वी गेली. छाती नाजूक म्हणून मुलीला बाहेर सोडत नाहीत. तिने आल्या आल्या विचारलं, मास्तर, तुम्ही चावता का? आधीचे मास्तर चावायचे म्हणे. किती दिवसांनी मी मोकळा हसलो.

५ जानेवारी
शिकवायला आलो आणि पदरात सरडा पडला. मियांगालीने पाळलेला सरडगुहिरा, रंग बदलणारा सरडा, बोटाएवढं पिल्लू, जाळीच्या पेटीत. दाराबाहेर ऊन ओसंडतंय, पण मुलगी बाहेर जाणार नाही आणि मुलगी सरड्याला सोडणार नाही, म्हणून मालकांनी परदेशातून दिवा मागवला. सोबतचा कागद मीच वाचून दाखवला. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा दिवा, मग पूर्ण अंधार, नाहीतर त्याला झोप लागत नाही. मध्ये काच नको, हाडांना लागणारा उजेड काचेत अडतो. बसायची फांदी दिव्याच्या वीतभर खाली, नाहीतर पाठ भाजेल. दिवसातून दोनदा रातकिड्यांची पिल्लं, पण त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठी नकोत. त्यांना आधी रताळ्याचा पाला चारायचा, मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचं. वाटीतलं पाणी तो पीत नाही. पानांवर फवारलं की थेंब टिपतो.
स्वयंपाकाच्या व्होलामावशी कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. म्हणाल्या, किड्यांना आधी जेवण, मग पिठात घोळवून वाढा. मास्तर, माझ्या नवऱ्याला जन्मात असं वाढलं नाही, म्हणून मेला पळाला.

९ जानेवारी
आज व्याकरण. मियांगाली म्हणाली, सरडा एका डोळ्याने समोर बघतो आणि एका डोळ्याने मागे. मी लगेच धडा साधला. आपल्या या बेटावरच्या भाषेत जे होऊन गेलं ते समोर असतं, कारण ते दिसतं. जे यायचंय ते पाठीमागे, कारण ते दिसत नाही. ती पेटीत डोकावली. मग म्हणाली, म्हणजे त्याला मागे मावशी पडलेल्या दिसतायत.
दुपारी मावशी ओल्या फरशीवरून घसरल्या. मनगट सुजलं. पोरीची जीभ काळी आहे, असं म्हणत त्यांनी डाव्या हातानेच तिला भात वाढला.
जेवताना मी हा किस्सा मालकांना रंगवून सांगितला. बोलायची हौस माझी. मागचा डोळा म्हणजे उद्याचा डोळा, असं वाक्यही टाळीच्या अपेक्षेने टाकलं. मालक हसले नाहीत.

१२ जानेवारी
रेडिओ सांगतोय, वादळ आपल्यावर येणार. व्हॅनिलाच्या वेलींवर हिरव्या शेंगा लटकतायत, वर्षाची मेहनत. मालकांनी मुलीला विचारलं. ती पेटीकडे बघून म्हणाली, वादळ समुद्रात वळणार. संध्याकाळी ते वळलं. मालक पेटीपाशी खुर्ची टाकून बसलेत. उठत नाहीत.

१४ जानेवारी
दिवा बंद करायचा नाही, असा हुकूम. अंधारात सरडा पांढरा पडतो, डोळे मिटतो आणि मुलीला काही दिसत नाही, आणि मालकांना पुढचं वादळ आजच हवंय. वीज गेली तर जनरेटर आहेच. मी उभा राहून बोललो, चांगलं बोललो: जिवाला रात्र लागते, सरड्याला आणि पोरीलाही. मालक म्हणाले, मास्तर, तुमची सभा फाटकाबाहेर भरवा. मी फाटकाबाहेर गेलो नाही. मुलीला सोडून कसा जाऊ?

१७ जानेवारी
तीन दिवस तो झोपलेला नाही. रंग राखेसारखा. सकाळी तीस किडे खाल्ले, तरी तोंड उघडंच. आणि आता दोन्ही डोळे मागे. दोन्ही. समोर कितीही बोट नाचवलं तरी वळत नाहीत.
मियांगालीला कालचा धडा आठवेना. परवाचाही. भिंतीवरच्या फोटोकडे बघून तिने विचारलं, या बाई कोण? आईचा फोटो. रोज झोपताना ती त्याला हात लावायची. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, आता रडत तरी नाही.

१९ जानेवारी
व्होलामावशी निघून गेल्या. चुलीपाशी उभ्या होत्या, हातात तांदूळ. चाळीस वर्षं शिजवलेला भात कसा करतात ते आठवेना. मास्तर, तो उजेड माणसाचं समोरचं, होऊन गेलेलं सगळं पुसतोय, तुम्हीही चला, म्हणाल्या. पोरीला ओढून न्यायला बघितलं तर मालकांनी दारात काठी आडवी धरली. आता फाटकाला कुलूप. मी म्हणालो, मी थांबतो. दिवा मी विझवतो.

२० जानेवारी
दिवा विझवायला गेलो. खोलीत उभा राहिलो. का आलो होतो? हातात रातकिड्यांचा डबा होता. खायला घातलं आणि परत आलो.
असं तीनदा.

२१ जानेवारी
तळहातावर लिहून गेलो: दिवा. खोलीत हात उघडला. शब्द वाचला. शुद्धलेखन बरोबर आहे, असं म्हणालो. मियांगालीला शाबासकी दिली आणि —
इथे येऊन कळलं. वहीपाशी आल्यावरच कळतं. माझी खोली त्या उजेडापासून लांब आहे म्हणून. पण दाराखालून आता पट्टा येतोय. पांढरा.

२३ की २४
मालक खुर्चीतच. हसतात. मुलीला विचारतात, बाळ, तू कुणाची? तिलाही माहीत नाही. दोघं एकमेकांकडे पाहुण्यासारखे बघतात.
ती आता फक्त मागचंच, म्हणजे यायचंय तेच, बोलते. म्हणाली, मास्तर, मागे मला कुणी हाक मारत नाहीये. खूप लांबपर्यंत बघितलं. कुणीच नाही.
मियांगाली. मियांगाली. मियांगाली. पानभर लिहून ठेवतो, म्हणजे —

तारीख
पान सापडलं. पानभर एकच शब्द आहे. सुंदर शब्द. कसला, ते —
मी शिक्षक होतो. सभेत काहीतरी बोललो होतो. पट्टा टेबलापर्यंत आलाय.

आज
शिक्षकहो. वही खिडकीतून खाली टाकणार आहे, तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाती लागेल. तुम्ही त्या उजेडात बसलेले नाही, तुम्हाला आठवेल. भाषण नको, अर्ज नको. घरात शिरा, डावीकडची खोली. दिवा विझवा. सरडा डोळे मिटेल. एक मुलगी असेल, लहान, भिंतीकडे तोंड करून. घाबरेल. तिला तिच्या नावाने हाक मारा. तिचं नाव