एकाहत्तर टक्के आपलेच

२ फेब्रुवारी, सकाळ
ठरलं. काउंटी कमिशनरच्या निवडणुकीला उभा राहतो. साडू निकानोर शेजारच्या काउंटीत निवडून आला. तिथे मतदानाच्या वयाचे आपले मेक्सिकन वंशाचे लोक सगळे मिळून अडतीस टक्के. आमच्याकडे एकाहत्तर! म्हणजे मी जवळजवळ दुप्पट निवडून येणार. समोर कोण, तर म्हातारा गोरा क्रूगर, गुरांच्या चाऱ्याचा दुकानदार.
साडूचा हेवा मला मुळीच वाटत नाही. माझ्याच घरात, ग्वादालुपेच्या मेरीमाउलीच्या तसबिरीशेजारी सासूबाईंनी त्याचा फोटो टांगलाय, तेवढा खुपतो. नोव्हेंबरात तिथे माझा लागेल.

१५ मार्च
सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, शनिवारी सॅन अँटोनिओला न्या ना. नागरिकत्वाचा अर्ज भरायचाय." इतकी वर्षं ग्रीन कार्डावर काही अडलं नाही, आताच कसली घाई? शनिवारी माझ्या टायरच्या दुकानात बसून काउंटीचा नकाशा रंगवायचाय. आपला भाग लाल.

शनिवार
साडू येऊन त्यांना घेऊन गेला. नवी पिकअप. दाराशी हॉर्न वाजवायची काही गरज नव्हती.
नकाशा जवळजवळ सगळाच लाल झाला. रंग संपला.

८ जून
शेजारी राहणाऱ्या ट्रिनिदादच्या मुलीचा पंधराव्या वर्षाचा सोहळा. "केकचे पाद्रिनो तुम्ही व्हा," म्हणाला. म्हणजे केक आपण द्यायचा. नाही म्हटलं. त्याचं मत टक्क्यांत आधीच धरलंय, वर केक कशाला? केक क्रूगरने दिला. नाचलासुद्धा, गुडघ्यांचा आवाज आमच्या टेबलापर्यंत.

जून, तारीख बघायला हवी
नागरिकत्वाचे क्लास जवळ पडतात म्हणून सासूबाई साडूकडे राहायला गेल्या. फोटोही नेला. भिंत मोकळी! शुभशकुन.

२१ सप्टेंबर
सासूबाईंचा शपथविधी झाला. साडूने बार्बाकोआची जंगी पंगत घातली. मी दोनदा वाढून घेतलं. चव नव्हती. त्याला आमचे एकाहत्तर टक्के ऐकवले. हसत म्हणाला, "साडूभाऊ, त्या एकाहत्तरांत आपली सासू पण होती की! नागरिक नसताना मत कुठे होतं तिला? तुमच्या गल्लीत अशा किती सासवा आहेत, बघितलंत का कधी?"
जळतो मेला माझ्यावर.
परत येताना गल्लीतली घरं आठवून बघितली. बऱ्याच आहेत. विषय सोडला.

६ नोव्हेंबर
क्रूगर निवडून आला. बऱ्याच फरकाने.
ट्रिनिदाद तोंडावर म्हणाला, "तो आमचा कोंपाद्रे, घरचाच माणूस झालाय हो, पोरीच्या केकपासून. त्याला नाही तर काय तुमच्या नकाशाला मत देऊ?"
मग सासूबाईंचा फोन. अडुसष्टाव्या वर्षी पहिलं मत दिलं, तेही साडूच्या काउंटीत. "जावईबापू, तिथे असते तर माझं पहिलं मत तुम्हालाच होतं. एक शनिवार गाडी काढली असतीत तर..." मागे साडू हसत होता. मी म्हटलं, आवाज नीट येत नाही.
फार वाईट वाटलं. हेवा नव्हे. बरं, हेवा.

२९ नोव्हेंबर
चार वर्षांनी टक्के पंचाहत्तर होतील, मग बघा. माझा फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला. भिंतीशी गेलो, तर त्या खिळ्यावर बायकोने, डेल्फिनाने, क्रूगरच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं.
माझ्याकडे न बघताच म्हणाली, "फुकट मिळालं. शिवाय त्यात तारखा तरी दिसतात."