वॉल्टेअरला उलटी निघालेली गाडी

आबा, तार आली त्या संध्याकाळी तुम्ही ट्रंक भरत होतात आणि मी मात्र अ‍ॅटलास उघडून बसले होते. काका मद्रासच्या मिलिटरी हॉस्पिटलात अत्यवस्थ होते. मुळशीतल्या शेताच्या बांधावरून तुम्हा भावांचं बोलणं कधीचं बंद होतं. तुम्हाला एकदा त्यांचा हात हातात घ्यायचा होता, बस. आई नव्हती, तुमच्या नोकरीच्या गावी, कलकत्त्यात, मला एकटीला ठेवणार कुठे, म्हणून मीही निघाले. आणि मी खुशीत होते हो! समुद्राकाठची मेल, अख्खा किनारा, आणि माझी इंग्लिश शाळेतली जॉग्रफी.

गाडीत माझं तोंड बंदच होत नाही. चिल्का आलं की तुम्हाला खिडकीशी ओढते. "आबा, हे सरोवर आहे, समुद्र नाही." "आसंल बया, पानी हाय न्हवं." समोरचे हसतात, आणि तुम्ही कौतुकानं त्यांना सांगता, "लडकी इंग्लिस पढती है."

वॉल्टेअर स्टेशनात दुपारी गाडी बराच वेळ थांबली. निघाली ती उलटी, आलो होतो त्याच दिशेला. माझ्या नकाशात तर रूळ सरळ खाली जात होते. मी किंचाळलेच, "आबा, उतरा! ही परत कलकत्त्याला चाललीय!"

"आगं, बाकीची मानसं बसल्यात की."

"त्यांना काय कळतंय? मी सांगते ना!"

तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मग ट्रंक खाली टाकलीत, मला उचललंत आणि चालत्या गाडीतून उतरलात. गुडघा फुटला तुमचा. स्टेशनमास्तरांना मी ऐटीत इंग्लिशमधून विचारलं. ते म्हणाले, इथं इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं, गाडी मद्रासलाच गेली. हे तुम्हाला मराठीत मलाच सांगावं लागलं. तुम्ही गुडघ्याला रुमाल बांधत होतात. "बरं. दुसरी यील न्हवं? जा, त्वांड धू."

दुसरी मिळाली दुसऱ्या दिवशी. पोचलो तेव्हा काकांची कॉट रिकामी होती. शेजारचा जवान म्हणाला, शेवटपर्यंत दाराकडे बघत होते.

गावी काकूनं तुम्हाला उंबऱ्यातच गाठलं. "बांधाचा राग धरलासा, भावजी. मुद्दाम उशीर क्येलासा." तुम्ही एवढंच म्हणालात, "गाडी चुकली." कुणामुळे, ते नाही सांगितलंत. मी तुमच्या मागे उभी होते. इंग्लिश नाही, मराठी नाही, काहीच फुटलं नाही तोंडातून.

पुढे तुम्हीही देवाघरी गेल्यावर त्याच काकूनं मला जवळ केलं. आता मी पौडच्या शाळेत शिकवते, राहते तिच्याकडे. गाड्यांचं वेड काही गेलं नाही. पुण्याला गेले की स्टेशनात घुटमळतेच. काल तांदूळ पाखडता पाखडता काकू म्हणाली, "तुज्या बानं मनात आणलं आसतं तर पोचला आसता. व्हय का न्हाई?"

तिच्याशिवाय मला कुणी नाही, आबा. मी "व्हय" म्हणाले.

हे कागद मी लपवणारसुद्धा नाही. काकूला वाचता येत नाही, म्हणूनच तर इतकं लिहायचा धीर झाला.