नॉमिनीच्या रकान्यात क्लेमेंटीन

१ फेब्रुवारी १९८२, सोमवार
आजपासून पर्मनंट. तीन महिने टेंपररी म्हणून रोजावर काढले. आमची कंपनी बॉलपेनं बनवते, मी स्टोअरमध्ये रिफिली मोजतो. पगार महिना पाचशे वीस. आमच्या पापडी गावात माझ्या वयाच्या कुणाला इतका नाही. रॉबर्टला आहे, पण तो माझ्याच टेबलावर बसतो, म्हणून त्याला धरत नाही.

संकल्प: इस्टरनंतर क्लेमेंटीनशी लग्न. ती ऑगस्टीनकाकांची मुलगी, बालवाडीत शिकवते. तिला अजून बोललो नाही. पण ती सकाळी वाडीच्या कुंपणापाशी अबोलीला पाणी घालते, आणि नेमकी त्याच वेळी तिथे माझ्या सायकलची चेन पडते. समजणारा समजतो.

२ फेब्रुवारी
टाइम ऑफिसात निकोलस नावाचे वयस्कर क्लार्क आहेत, आगाशीचे. त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा दिला. म्हणाले, वाचून सही कर. मी न वाचताच केल्या. एसएससीला इंग्रजीत त्रेचाळीस मार्क असलेल्या माणसाला वाचत बसणं शोभत नाही.

प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मात नॉमिनीचं नाव विचारलं होतं. नॉमिनी म्हणजे अर्थात जिच्यासाठी आपण नोकरी करतो ती. क्लेमेंटीन लिहिलं. नातं: होणारी बायको. ही गोष्ट मी आणि भारत सरकार यांच्यातच राहील.

निकोलस फॉर्मकडे बराच वेळ बघत राहिले. माझं अक्षर चांगलं आहे.

४ फेब्रुवारी
पर्मनंटचे फायदे दिसू लागले. टेंपररी असताना पाच मिनिटं उशीर झाला की वॉचमन गेटवरून परत पाठवायचा. आता वीस मिनिटं उशिरा गेलो तरी आत घेतात, फक्त वहीत लाल खूण करतात. पर्मनंट लोकांसाठी असणार.

कॅन्टीनसुद्धा फुकट. वहीत सही केली की झालं. वडे, मिसळ, चहा. रॉबर्ट म्हणाला, तूच कर सही, तुझी सही झोकदार आहे. दोघांच्या खाण्यावर माझीच सही केली.

१३ फेब्रुवारी
रॉबर्टसारखा मित्र नाही. रोज मला क्लेमेंटीनबद्दल विचारतो. तिला काय आवडतं, ऑगस्टीनकाका कधी घरी असतात, त्यांना जावई कसा हवा. मी सगळं सांगतो. तो मन लावून ऐकतो आणि वडे खातो.

२१ फेब्रुवारी, रविवार
मिस्सा संपल्यावर आईने ऑगस्टीनकाकांना चर्चच्या पायरीवर गाठलं. (मी लांब उभा.) ते म्हणाले, पूर्वी आम्ही मुलाची वाडी केवढी ते बघायचो, आता पगाराची स्लिप बघतो. स्लिप मिळाली की घेऊन ये म्हणावं.

म्हणजे होकारच. आईला पाचशे वीस हा आकडा त्यांच्या कानावर घालायला सांगितलं होतं. तिने आपल्या मनाने साडेपाचशे सांगितला. आईच ती.

६ मार्च, शनिवार
पगार झाला. माझ्या पाकिटात तीनशे चौसष्ट रुपये ऐंशी पैसे.

पाकीट उलटं करून झटकलं. आत फक्त स्लिप. तिच्यावर इंग्रजीत पाच ओळी आणि पाचही माझ्या विरुद्ध. पीएफ साडेबत्तीस. ईएसआय अकरा सत्तर. प्रोफेशन टॅक्स तीन. कॅन्टीन अडुसष्ट. लेट चाळीस.

निकोलसना विचारणं कमीपणाचं, म्हणून घरी बसून स्वतः अभ्यास केला. निष्कर्ष: एक, पीएफ दिल्लीला जातो आणि परत येत नाही. दोन, लेट हे कुणातरी मॅनेजरचं आडनाव असावं. तीन, ही स्लिप काकांना दाखवण्यासारखी नाही. उद्याची भेट पुढच्या रविवारवर ढकलली. आईला सांगितलं, छपाईत चूक आहे, दुरुस्त होऊन येते.

८ मार्च
मॅनेजरसाहेबांना अर्ज दिला, संपूर्ण इंग्रजीत. सर्व कपाती तत्काळ बंद करून मागचे पैसे परत करावेत ही नम्र विनंती. साहेब घाबरणार.

९ मार्च
लेट म्हणजे उशीर, असं रॉबर्टने फोड करून सांगितलं. तीन लाल खुणा झाल्या की अर्धा दिवस कापतात. माझ्या बारा. मला इंग्रजी येत होतं, पण मी त्या अंगाने विचार केला नव्हता. संकल्प: उद्यापासून पंधरा मिनिटं लवकर निघणे.

१० मार्च
पंधरा मिनिटं लवकर निघालो. क्लेमेंटीन अजून बाहेर आलेली नव्हती, तेव्हा थांबावं लागलं. लाल खूण. माझा यात काय दोष?

११ मार्च
ईएसआयचे अकरा सत्तर वसूल करायचं ठरवलं. अर्धा दिवस रजा घेऊन त्यांच्या कामगार विम्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना अशक्तपणा सांगितला. त्यांनी जीभ बघितली आणि कॅन्टीनचे वडे बंद कर म्हणाले. एक बाटली लाल औषध मिळालं. कडू आहे. अर्ध्या दिवसाचे दहा रुपये कापले जाणार. तरीही नैतिक विजय माझाच.

१२ मार्च
अर्जाचं उत्तर आलं. साहेबांनी माझ्याच अर्जावर स्पेलिंगच्या सात चुकांना गोल करून तो परत पाठवला आहे. बाकी काही लिहिलेलं नाही. म्हणजे मुद्द्याला उत्तर नव्हतं.

१४ मार्च, रविवार
ऑगस्टीनकाकांकडे गेलो. स्लिप तीच.

ओटीवर निकोलस बसलेले. ते क्लेमेंटीनचे सख्खे मामा निघाले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यांनी माझ्या पीएफच्या फॉर्मातलं नाव पहिल्याच आठवड्यात इथे सांगितलं होतं.

काका म्हणाले, अरे पोरा, नॉमिनीला पैसे तू मेल्यावर मिळतात. माझ्या पोरीला मेल्यावर काय देणार ते कळलं. जिवंतपणी काय देतोस ते दाखव.

मी स्लिप दिली. क्लेमेंटीनने ती बापाच्या हातातून घेतली आणि बालवाडीतल्या पोरांना समजावतात तशी मला समजावली. पीएफ तुझ्याच नावावर साठतो, कंपनीही तेवढाच घालते. ईएसआय दुखण्याखुपण्यासाठी. टॅक्स सगळ्यांनाच. ह्या तीन ओळी सरकारच्या, खालच्या दोन तुझ्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

लेट का होतो, असं काकांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, रोज आमच्या कुंपणाशी चेन बसवत असतो, एवढी चेन पडते तर सायकल बदल.

मग काकांनी खिशातून दुसरी एक स्लिप काढून माझ्यापुढे धरली. हा बघ, तुझ्याच टेबलावरचा मुलगा. पगार तेवढाच. लेट नाही. आणि कॅन्टीनची ओळ बघ, कोरी. महिनाभरात एक चहासुद्धा नाही. संसार करणारा माणूस असा असतो.

वर रॉबर्टचं नाव होतं.

मी ती कोरी ओळ पुन्हा पुन्हा बघितली. तिच्यात माझे निदान पस्तीस रुपये होते. सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? सह्या माझ्याच होत्या, आणि झोकदार होत्या. घरी येताना सायकल हातात धरून चालत आलो. चेन ठीक होती. फार वाईट वाटलं.

१८ एप्रिल, रविवार
चर्चमध्ये लग्नाची नावं पुकारली. रॉबर्ट आणि क्लेमेंटीन. अजून दोन रविवार पुकारतील. कुणाची हरकत असल्यास कळवावी, असं फादर म्हणाले. मी रुमालाने तोंड पुसलं. आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

१९ एप्रिल
टाइम ऑफिसात जाऊन नॉमिनीचं नाव बदलायचा फॉर्म मागितला. ह्या वेळी पूर्ण वाचला. क्लेमेंटीनच्या जागी आईचं नाव, लुईझा. नातं: आई. निकोलसनी शिक्का मारला.

याचे किती कापणार, असं विचारलं. म्हणाले, नाव काढायचे काही पडत नाहीत.

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग स्टोअरमध्ये जाऊन रिफिली मोजायला बसलो.