बाबांचं उष्टं ताट

प्रिय आई,

बाबा खाली चक्कर मारायला गेलेत, तेवढ्यात लिहून टाकते. काल न्युर्नबर्गहून आल्यापासून त्यांच्याशी धड बोलवत नाहीये मला. आणि हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

जुनं काहीतरी दाखवावं म्हणून मीच त्यांना घेऊन गेले होते गं. पाचशे वर्षांपूर्वीचं एका व्यापाऱ्याचं लाकडी घर आहे तिथे. इंग्लंडात ट्यूडर राजे होते ना, तेव्हाचं. काळ्या तुळया, मध्ये पांढऱ्या भिंती. बाबा खूश. गेल्या गेल्या तुळईवर टकटक करून "सागवान नाही हे" म्हणून झालं.

स्वयंपाकघरात गाइडबाईंनी सांगितलं की इथे मालक आधी जेवायचा, बायका मागून, उरलंसुरलं. मी बाबांना मराठीत सांगितलं. तर ते चक्क हसले. म्हणाले, "त्यांना सांग, आमची ही जन्मभर माझ्या उष्ट्या ताटात जेवली. कधी खंड नाही. वर्षश्राद्धाला मी हेच सांगणार आहे सगळ्यांना."

शिसारी आली मला. शेवग्याच्या शेंगा चावून टाकलेला तो चोथा डोळ्यांपुढे आला. ताटाच्या कडेला ढीग असायचा त्याचा. तो तू बोटाने सरकवायचीस आणि तिथेच भात वाढून घ्यायचीस.

माझ्या बाळंतपणाला इथे जर्मनीत आली होतीस, तेव्हा भांडी विसळता विसळता म्हणालीस, "त्या चोथ्यानं पोटात ढवळतं बघ अजून. इथं माझं माझं ताट आहे, चार घास जास्त जातात." आणि सांगलीला परत गेल्यावर पुन्हा तेच! का गं? माझ्याजवळ बोललीस, त्यांच्याजवळ का नाही बोललीस? कधीकधी तुझाच राग येतो मला.

बाबा काय म्हणाले ते कळावं म्हणून गाइडबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी त्यांना जर्मनमध्ये खरं तेच सांगितलं, की माझ्या आईला त्याची किळस यायची. त्यांचा चेहरा उतरला. बाबांनी विचारलं, "काय झालं? आवडलं नाही का त्यांना?" मग तेच मी मराठीत सांगितलं.

बाबांनी तुळईवर पुन्हा एकदा टकटक केलं. मग म्हणाले, "माहीत होतं मला. तोंड वाकडं व्हायचं तिचं. पण रीत म्हणजे रीत."

माहीत होतं, आई. इतकी वर्षं मी समजत होते की पुरुषमाणूस, लक्षात नसेल आलं. ते बघत होते आणि तरी तुला त्याच ताटात जेवू देत होते.

वर्षश्राद्धाला मी सांगलीला येतेय. त्या दिवशी तुझं पान सगळ्यांच्या आधी वाढतील, बाबांच्याही आधी. मेल्यावर का होईना, पहिलं ताट तुझं. ते मी वाढणार, आणि त्यात शेवगा नसेल. बाबा तुझ्या पातिव्रत्याची गोष्ट सांगायला लागले, तर काका-आत्यांसमोर तिथल्या तिथे सांगेन, की माझ्या आईला किळस यायची आणि बाबांना ते ठाऊक होतं. हे वचन समज.

तुझी,
मेधा